अण्णांचा जास्तीचा पाटा

“पुढच्या वेळेला मी आपली लालपरीनंच जाईन गं,” आई गाडीतून उतरता उतरता म्हणाली आणि पायऱ्या चढून आत गेली. रागानं नाही म्हणाली, तक्रार म्हणून पण नाही, भाजी घ्यायची राहिली असं सांगावं तसं म्हणाली आणि त्यामुळंच ते मला जास्त लागलं. अंबाजोगाईहून योगेश्वरीचं दर्शन करून परत आलो होतो, लातूरपासून पन्नासेक किलोमीटर, तेवढंच. पण येताना बर्दापूरच्या अलीकडं माझी नजर आरशात गेली होती. पुढं गतिरोधक होता, पांढरे पट्टे कधीचे पुसलेले, मला तो दिसायच्या आधी आईला कळला होता. तिनं दोन्ही तळवे सीटवर टेकवले, हात ताठ केले आणि स्वतःला बोटभर वर उचलून धरलं. गाडी धाडकन गेली. मग ती हळूच परत खाली बसली, पदर सारखा केला, खिडकीबाहेर बघायला लागली. त्यानंतर मी प्रत्येक गतिरोधकाला, प्रत्येक खड्ड्याला आरशात बघत होते आणि प्रत्येक वेळेला ते हात. तिला रस्ता पाठ झाला होता. कुठं आदळणार ते ती धरून बसली होती आणि मी पुढं बसून तिला विचारत होते, एसी हवा होता का गं आपल्या गाडीला.

आईच्या मणक्यात गॅप आहे. दोन वर्षं झाली, कंबरेला पट्टा लावते, रात्री काढून खुंटीला अडकवते. डॉक्टरांनी खाली बसू नका, वाकू नका, धक्के टाळा एवढं सांगितलंय. बाकी सगळं आम्ही पाळलं, घरात कमोड बसवला, पाण्याची मोटर चालू करायचं बटण वर घेतलं, देवघर सुद्धा वर उचललं. धक्के म्हटलं की मला वाटायचं रिक्षातले, एसटीतले. आपल्या गाडीतले धक्के मी मोजलेच नव्हते कारण ती आपली गाडी होती.

गाडी म्हणजे अँबेसिडर. १९९६ ची, १८०० आयएसझेड, इसुझूच्या इंजिनची, पाच गिअरची, पांढरी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९९ मध्ये दुसऱ्या मालकाकडून घेतली तेव्हा मी कॉलेजला होते. अँबेसिडरबद्दल काय सांगायचं, आपल्याकडं प्रत्येकाच्या आठवणीत एक असतेच, कुणाच्या लग्नातली, कुणाच्या आमदाराची. आमची खत-बियाणांच्या दुकानाची. मागच्या सीटवर कायम सोयाबीन बियाण्याच्या औषधाचा तो लालसर गुलाबी वास, आता अण्णांना जाऊन पाच वर्षं झाली, दुकान दुसऱ्याकडं गेलं तरी उन्हाळ्यात काचा बंद ठेवल्या की तो वास सीटच्या आतून परत येतो. २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना बंद झाल्याची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा अण्णा जेवत होते. ताट तसंच ठेवून ते बाहेर गेले आणि गाडीचं बॉनेट उघडून उगाच ऑइल बघून आले. मला अजून ते चित्र दिसतंय, एका हाताला वरणभात आणि दुसऱ्या हातात डिपस्टिक.

नवरा म्हणतो विकून टाक, लहान एक घेऊ, पॉवर स्टेअरिंगची. त्याचं चुकत नाही. नोंदणी वाढवून घ्या, पर्यावरण कर भरा, पार्टसाठी हैदराबादला फोन करा, एवढं करून आईला त्रास होणार असेल तर काय उपयोग, हे तो बोलून दाखवत नाही पण मला ऐकू येतं. तरी मी ठरवलं की आधी गाडीला विचारायचं काय दुखतंय ते.

पहिल्यांदा चूक केली. एका चकचकीत दुकानात गेले, तिथल्या माणसानं गाडी एकदा मागून दाबून बघितली आणि म्हणाला मॅडम शॉकअप गेलेत, हेवी ड्युटी टाकू, एकदम टणक होईल. शॉकअप गेलेले होते हे खरं होतं, जुना काढून त्यानं माझ्या हातात दिला, दांडा आत ढकलला तर सायकलच्या पंपासारखा सरसर आत गेला आणि तसाच ओढला तर बाहेर आला, मध्ये काहीच अडलं नाही, बाहेरून तेलानं माखलेला. नवे टाकले. आईला घेऊन रिंग रोडला एक चक्कर मारली आणि पहिल्याच खड्ड्यात तिचं “आई गं” ऐकू आलं. पहिल्यांदा. इतके दिवस ती गिळत होती ते पण आता बाहेर पडलं होतं. मी पैसे देऊन तिचं दुखणं वाढवून आणलं होतं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग चाचांकडं गेले. रेणापूर नाक्याच्या पलीकडं त्यांचं गॅरेज, गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं शेड, एक खड्डा आणि एक लिंबाचं झाड. अण्णांची गाडी त्यांच्याकडंच असायची. आता त्यांना दिसायला कमी झालंय, मुलगा काम करतो आणि ते खुर्चीवर बसून नुसतं ऐकतात. मी गाडी आत घेतली तसं ते म्हणाले, “थांब बेटा, परत मागं घे. परत ये.” तीनदा मला त्या उंबऱ्यासारख्या दगडावरून गाडी आणायला लावली. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “शॉकअप नवीन टाकलास. पण गाडी खालीच बसंना गेलीय. पाटा हललाच नाही तर शॉकअप काय करील?”

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. वजन शॉकअप उचलत नसतो, वजन उचलतात पाटे, म्हणजे मागच्या एक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाटा दबतो आणि परत उसळतो आणि ती उसळी किती वेळ चालू द्यायची ते शॉकअप बघतो, बैल उधळला की कासरा ओढणारा माणूस असतो तसा. आता बैलच उभा राहिला दगडासारखा तर कासरा कितीही भारी आणला तरी काय. त्यांच्या मुलानं गाडी खड्ड्यावर घेतली, मला पण खाली बोलावलं. मी चप्पल काढून, ओढणी कंबरेला खोचून उतरले. वर बॅटरीचा उजेड, मागच्या एक्सलच्या दोन्ही बाजूला पाट्यांच्या चळती, लांबापासून आखूडपर्यंत एकाखाली एक, गंजलेल्या, चिखल वाळून मध्ये बसलेला. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक सगळ्यात खालच्या पाट्यावर ठेवलं. बाकीच्यांपेक्षा जाड होता, टोकं पण निराळी, गॅसनं कापलेली, कडेला वितळलेल्या लोखंडाचे थेंब तसेच गोठून राहिलेले. “ताई, हा कंपनीचा नाई. जीपचा पाटा कापून टाकलाय. दोन्ही साईडला एक एक. ह्यानंच गाडी कडक झालीय.”

तो पाटा बसवताना मी तिथंच उभी होते.

२०१६ चा मार्च. लातूरमध्ये त्या वर्षी जे राहिलेत त्यांना मी वेगळं काय सांगू. मांजरा धरणात चिखल होता, नळ म्हणजे भिंतीतून आलेला एक पाइप एवढाच अर्थ उरला होता, टँकर भरायच्या जागेवर १४४ कलम लागलं होतं. पाण्यासाठी जमावबंदी हे वाक्य मी तेव्हा पेपरात दोनदा वाचलं होतं. आमचं गाव रेणापूर तालुक्यात, तिथल्या रानातल्या बोअरला दिवसातून अर्धा तास करंगळीएवढी धार यायची. अण्णा तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे. पहाटे चारला उठून गाडी घेऊन गावाकडं जायचे, बोअर चालू करून जारला जार लावून बसायचे आणि सात साडेसातला परत. वीस लिटरचे आठ जार, पाच डिक्कीत, तीन मागच्या सीटच्या पायाशी, वर ओलं पोतं टाकलेलं. एकशेसाठ लिटर म्हणजे एकशेसाठ किलो, जारचं वजन वेगळं. त्यातले दोन आमचे. बाकीचे गल्लीत. खालच्या घरातल्या बाळंतिणीला एक, समोरच्या मास्तरांना एक, आणि असं करत करत कुणाला किती ते अण्णांच्या खिशातल्या वहीत लिहिलेलं असायचं, पैसे घेतले नाहीत कधी पण हिशोब ठेवला कारण कुणाला दोनदा आणि कुणाला एकदाही नाही असं व्हायला नको.

आठवडाभरात गाडी मागनं बसली. पुढचं नाक वर आणि मागची बाजू जमिनीला लागल्यासारखी, टायर वरच्या पत्र्याला घासायला लागला, घासल्याचा जळका वास यायचा. एकदा गतिरोधकावर गाडी खाली टेकून एक जार फुटला. अण्णा त्या दिवशी घरी आले आणि कुणाशी बोलले नाहीत, वीस लिटर पाणी रस्त्यावर गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मला सोबत घेऊन चाचांकडं आले. चाचांनी सांगितलं होतं की अण्णा, गाडी लाकडासारखी होईल, मागं बसणाऱ्याचे हाल होतील. अण्णा म्हणाले होते, “मागं माणूस बसणारच नाई, पाणी बसणार हाय.”

मग १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वे आली, जलदूत, दहा टँकरांची, ५ लाख लिटर घेऊन. आम्ही टीव्हीवर बघितली, स्टेशनवर झालेली गर्दी सगळ्या देशानं बघितली. अण्णांना बरं वाटलं, त्यांनी हात पण जोडले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे चारला गाडी चालू झाल्याचा आवाज मला अंथरुणात आलाच. पाऊस पडेपर्यंत त्यांनी खेप चुकवली नाही. पाऊस झाला, जार माळ्यावर गेले, आणि पाटा गाडीखाली राहिला. कोण काढणार आणि कशासाठी, असंच झालं असणार. आठ वर्षं तो तिथंच होता, रोज एकशेसाठ किलो येतील म्हणून तयारीत, आणि वर बसत होती माझी अठ्ठेचाळीस किलोची आई.

मी गणित शिकवते, त्यामुळं घरी येऊन कागद घेतलाच. चाचांच्या मुलानं कंपनीचा पाटा मोजला तर जाडी ६ मिलिमीटर, जीपचा ८. लांबी-रुंदी तेवढीच धरली तर पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. म्हणजे ८ चा घन ५१२ आणि ६ चा २१६, भागाकार २.३७. फक्त दोन मिलिमीटर जास्त, नखाएवढा फरक, आणि तो एक पाटा कंपनीच्या एका पाट्याच्या दुपटीहून जास्त अडून बसतो. हे उदाहरण मी अकरावीच्या मुलांना घातलं सुद्धा, घनाचं प्रमाण म्हणून. मुलांनी गणित सोडवलं, एका मुलीनं विचारलं मग मॅडम तो पाटा काढला का. मी फळा पुसायला लागले.

कारण काढायचं म्हटलं की माझ्या पोटात कालवत होतं. अण्णांची वही कुठं गेली माहीत नाही, जार कुणी कुणी नेले, ते पहाटेचं उठणं तर कुठंच उरलं नाही, ना फोटो ना काही. त्या चार महिन्यांची एकच वस्तू शिल्लक होती आणि ती गाडीखाली गंजत होती आणि माझ्या आईच्या मणक्याला टोचत होती. मी स्वतःला विचारत होते की अण्णा असते तर. आणि त्याचं उत्तर मला लगेच माहीत होतं, त्यांनी आईला आरशात एकदा बघितलं असतं तर तिथंच गाडी कडेला लावून स्वतःच पाना काढला असता. तरीपण दोन आठवडे मी गेले नाही. शाळेच्या परीक्षा आहेत असं सांगितलं, परीक्षा होत्याही, पण ते कारण नव्हतं. ह्या दोन आठवड्यांत आई दोनदा दवाखान्यात रिक्षानं गेली, हे लिहिताना मला आजही बरं वाटत नाहीये.

शेवटी एका रविवारी सकाळी गेले. काम दिवसभर चाललं आणि मी दिवसभर थांबले. गाडी मागून उचलून चासीखाली घोड्या लावल्या, एक्सल जॅकवर घेतला. पाटे एक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टचे नट काही केल्या फिरेनात, रॉकेल टाकलं, घण घातला, शेवटी गॅसनं कापले. चाचा म्हणाले कापले ते बरंच झालं, यू बोल्ट एकदा ताणला की परत वापरायचा नसतो, नवेच टाकायचे. सेंटर बोल्ट सुटला तशी ती सगळी चळत एकदम सैल झाली, इतकी वर्षं आवळून धरलेली, आणि एकेक पाटा सतरंजीवर मांडला. मध्ये मध्ये गंजाची पूड, जिथं पाटा पाट्यावर घासतो तिथं टोकाला खड्डा पडलेला. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे, रबरी बुश तर काढताना हातात भुगा झाले. मुलगा वायर ब्रशनं एकेक पाटा घासत होता आणि मी पण एक ब्रश घेऊन बसले, कुणी नको म्हणालं नाही. जाड दोन पाटे चाचांनी बाजूला, लिंबाच्या खोडाला टेकवून ठेवले, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

कंपनीचे पाटे मात्र सरळ झाले होते. वाकडे नाही, सरळ. पाट्याला धनुष्यासारखी कमान पाहिजे, ती ओझ्यानं बसून गेली होती, म्हणजे नुसता जाड काढून टाकला असता तर गाडी परत जमिनीला टेकली असती. ते ठोकायला चाचा स्वतः उठले. दोन लोखंडी तुकड्यांच्या मध्ये फट ठेवायची, त्यावर पाटा आडवा धरायचा आणि हातोडा, बोटभर सरकवायचा, परत हातोडा. मी विचारलं तापवून नाही का वाकवत, लवकर होईल. ते म्हणाले, “तापवला की त्याचं पाणी उतरतं बेटा. मग वाकतो चांगला, पण परत उठत नाई. पाटा थंडाच ठोकायचा.” लोखंडाचं पाणी हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला, विळ्याला पाणी पाजून आण म्हणून आई लोहाराकडं पाठवायची. त्या दिवशी तो शब्द किती तरी वेळ डोक्यात राहिला. चाचांना दिसत नव्हतं नीट, ते पाट्याची कमान तळव्यानं बघत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवायचे, जिथं थांबले तिथं अजून एक घाव. दुपारची अजान झाली तेव्हा दहा मिनिटं काम थांबलं, तेवढीच शांतता.

जोडताना मध्ये ग्रॅफाइटचं काळं ग्रीस लावलं, म्हणजे पाटे एकमेकांवर घासताना अडणार नाहीत आणि किरकिरणार पण नाहीत. नवे बुश, नवे यू बोल्ट. आणि एक गोष्ट मला फार आवडली, शॅकलचे बोल्ट त्यांनी गाडी वर असताना नुसते हातानं लावले, आवळले नाहीत. गाडी चाकावर खाली उतरवली, मागं दोघांना बसवलं, दोनदा वर-खाली दाबली आणि मग पोरगा खाली जाऊन आवळून आला. वर लटकत असताना आवळला तर बुशचं रबर त्या लटकलेल्या जागी धरून बसतं, गाडी खाली आली की पिळून फाटतं. जशी गाडी रोज उभी राहणार तशी तिला उभी करून मगच आवळायचं. ते हेवी ड्युटीवाले शॉकअप पण काढले, साधे टाकले, त्या पैशावर पाणी सोडलं.

टायरची गोष्ट वेगळीच आणि ती माझ्याच अंगावर आली. पुढच्या खणात अण्णांच्या अक्षरातली एक चिठ्ठी होती, “हवा पुढे २८ मागे ३८”. पाच वर्षं मी ती चिठ्ठी पाळली. पंपावर जायचं, पोराला सांगायचं पुढं अठ्ठावीस, मागं अडतीस, अण्णांचं काहीतरी मी नीट सांभाळतेय असं प्रत्येक वेळेला वाटायचं. चिठ्ठीवर तारीख नव्हती. ती हवा पण पाण्यासाठीच होती. रिकाम्या गाडीला मागं ३८ म्हणजे टायर दगडच, आणि टायर सुद्धा जुने नायलॉनचे, ५.९० गुणिले १५. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून मला वाटायचं अजून दोन वर्षं जातील. चाचांच्या मुलानं टायरच्या कडेला असलेला लांबडा आकडा वाचायला लावला, शेवटचे चार अंक १९१५. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे, म्हणजे २०१५ चा एकोणिसावा आठवडा. नऊ वर्षांचं रबर. नख दाबलं तर नखच वाकलं. वाकून बघितलं तर कडेला रिमपासून नक्षीपर्यंत बारीक बारीक भेगा, मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या.

रेडियल मागवले. त्या मापाचे आता सहज मिळत नाहीत, १६५ मिलिमीटर रुंदीचे १५ इंची, आठ दिवस वाट बघायला लागली. जुन्या ५.९० इंचांचे मिलिमीटर केले तर दीडशे होतात, म्हणजे थोडा रुंद, रिमला चालतो. ट्यूब टाकूनच बसवले, कारण ट्यूबलेस टायर धरून ठेवायला रिमच्या आत जो उठाव लागतो तो आमच्या जुन्या रिमला नाहीच. पगार हातात यायचा होता म्हणून आधी दोनच घेतले आणि मी म्हटलं पुढं टाका, स्टेअरिंगला बरं. चाचा खुर्चीतून जवळजवळ ओरडलेच, कधीच नाही, रेडियल पुढं आणि नायलॉन मागं असं कधी करायचं नाही, पुढची बाजू धरते आणि मागची सुटते, वळणावर गाडी फिरते. दोन्ही मागं लावले, पुढचे दोन आणि स्टेपनी पुढच्या महिन्यात. तो एक महिना मी जपूनच चालवली. हवा मागं तीस सांगितली. नायलॉन आणि रेडियल ह्यातला फरक मला पंपावर कळला, हवा भरणारा पोरगा म्हणाला ताई हवा लई कमी दिसायली, टायर खाली फुगलाय. रेडियलची कड मऊ असते, खाली थोडी फुगलेली दिसतेच, खड्ड्याचा पहिला मार ती कडच घेते. तो भरायला निघालाच होता, मी त्याचा हात धरला. पाच वर्षं मीच जास्त भरून घेत होते. उभ्या गाडीत स्टेअरिंग मात्र जड झालंय, गंजगोलाईच्या बाजारात गाडी लावताना खांदा भरून येतो, ते मी सोसते.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. गाडी घरी आणली त्या संध्याकाळी डिक्कीतून ते दोन जाड पाटे काढून अंगणात ठेवले, माझ्या मनात काय होतं मलाच माहीत नाही, बहुतेक तेल लावून, फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायचं. आई बाहेर आली, तिला वाकायचं नाही म्हणून तिनं पायानंच एक पाटा सरळ केला. “हे पाण्याच्या टायमाचे ना,” ती म्हणाली. मी बघतच राहिले. तिला माहीत होतं. अण्णांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं, म्हणाले होते आता तू मागं बसू नकोस, हाडं खिळखिळी होतील, पुढं बसत जा. आणि अण्णा गेल्यावर पुढची सीट तिनं सोडली. मी बोलवायचे पुढं ये, तर नको गं, मागं पाय पसरता येतात. अण्णांच्या शेजारची सीट होती ती. आठ वर्षं तिला माहीत होतं गाडी का आदळतेय, मला कधीच बोलली नाही. मी विचारलं, का गं, सांगायचं की. तर म्हणाली, “त्यांनी बसवलेला हाय, मी कसं काढ म्हणू.”

दोघी तशाच अंगणात उभ्या होतो. दिवे लागले होते.

मग तीच म्हणाली की माळ्यावर ठेवून काय करतीस, गंजून जाईल, पाट्याचं लोखंड आहे, ह्याची खुरपी लई चांगली होतात, गावात लोहाराकडं नेऊ. आपल्याकडं पाट्याच्या लोखंडाचा कोयता, पाट्याचं खुरपं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, ऊसतोडीला जाणारे तेच शोधत असतात. पण ते तिच्या तोंडून असं सहज आलं की मला हलकं वाटलं, एकदम हलकं.

दिवाळीच्या आधी गेलो. जाताना मी आरशात बघायचं टाळलं, भीती वाटत होती. लोहाराच्या भात्याजवळ आईला खुर्ची दिली. पाटा लाल झाला, मग नारिंगी, छन्नीनं तुकडे पडले, दोन पाट्यांची आठ खुरपी निघतील म्हणाला, आम्ही चारच करून घेतली, उरलेलं त्याला दिलं. ठोकून ठोकून पातं आलं तसं त्यानं ते परत तापवलं आणि नुसती धारेकडची बाजू बादलीत बुडवली. चर्रर्र झालं, वाफ आली, आईनं पदर तोंडाला लावला. “पाणी बसलं का नीट?” तिनं विचारलं. लोहारानं कानस धारेवर फिरवून बघितली, कानस नुसती घसरली, धरली नाही. बसलं म्हणाला.

तिघांना तीन दिली, समोरच्या मास्तरांच्या सुनेला एक, तिची परसबाग आहे, खालच्या घरातली त्या वेळची बाळंतीण आता तिच्या मुलाला शाळेत सोडायला येते, तिला एक, एक गावात बोअर बघणाऱ्याला. चौथं आईनं स्वतःकडं ठेवलं. परत येताना अंधार पडत आला होता, रेणापूरच्या पुढं तो एक गतिरोधक आहे ज्याला झाडाची सावली पडते आणि तो दिसतच नाही. मी गाडी हळू केली, मागचं चाक वर चढलं आणि उतरलं, भुप् असा आवाज झाला, जाड गादीवर उशी टाकावी तसा. तेव्हा मी आरशात बघितलं. खुरपं जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळून आईनं मांडीवर घेतलं होतं, कोमट होतं अजून बहुतेक, आणि तिचे दोन्ही हात त्याच्यावर होते.